पुस्तक परहस्ते द्यावे

संस्कृत सुभाषितकारांची वाणी बहुधा अनुभवाची असते. परंतु अनुभव ज्या काळाचा, त्या काळापुरतीच ती खरी असते, हे आपण विसरतो. पुस्तक, स्त्री आणि द्रव्य ही एकदा दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे गेलीच समजावीत, आणि दैवयोगाने परत आलीच तर मोडकीतोडकी व बिघडलेली अशीच यावयाची, अशा अर्थाचे एक सुभाषित पाठशाळेत असताना आम्ही हसत हसत पाठ केले होते. त्या त्रयीत केलेली स्त्रीची गणना आज कोणाही विचारी गृहस्थास रुचणार नाही; ती बाजूस ठेवू. द्रव्याविषयी त्या कवीशी वाद घालावा, तर तेवढे द्रव्य माझ्या हातून कधी कोणाच्या हाती गेले नाही. राहता राहिले पुस्तक. त्याविषयी मात्र या सुभाषितकाराने आमच्या शाळांचे फार नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याची भीती अगदीच निराधार होती असे नाही. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकांनी लिहून ठेवलेले श्लोक ज्यांनी पाहिले असतील, त्यांस ही भीती समजेल. पाठ, कंबर आणि मान मोडून, डोळे शिणवून मी हे लिहिले आहे, तेव्हा जिवापाड सांभाळा, अशी कोठे विनवणी असते. तर कोठे पोथी स्वतःच बोलू लागते, आणि मला तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून जपा, मूर्खाच्या हाती तर मुळीच देऊ नका, असे बजावते. एक ग्रंथ उतरून काढावयास महिनेच्या महिने लागत. तो गेला म्हणजे एका माणसाच्या आयुष्यातील तेवढे दिवसच गेले. अशा काळी पोथी दोन फळ्यांत आवळून, रुमालात बांधून उंचावर ठेवणे हाच धर्म होता. पुढे छापखाना आला. त्यासही आता दोन शतके उलटली. एका पुस्तकाच्या हजारो प्रती निघू लागल्या. तरी आमच्या पुष्कळ शाळांतील कपाटे अजून पोथ्यांच्याच युगात नांदत आहेत, आणि ज्याच्या हाती पुस्तक देऊ नये असा तो मूर्ख म्हणजे आपला विद्यार्थीच, अशी एक समजूत तेथे मुकाट्याने चालत आलेली आहे.

यावरून आमचाच देश तेवढा मागासलेला, असा अर्थ कोणी काढू नये. युरोपातही मध्ययुगात ग्रंथ लोखंडी साखळ्यांनी फळ्यांस जखडून ठेवीत. इंग्लंडात हिअरफर्ड येथील कॅथीड्रलमध्ये असे साखळदंडांचे ग्रंथालय अजून जतन करून ठेवलेले आहे. या साखळ्या मनातूनही निघाल्या पाहिजेत, हे ज्याने शास्त्र म्हणून मांडले तो पुरुष मात्र आमच्या देशातला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील पहिला नियम असा की, ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. दुसरा, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा; आणि तिसरा, प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा. पहिला नियम वाचून एखादा म्हणेल, यात नवीन ते काय सांगितले? ज्यास असे वाटत असेल, त्याने आपल्या गावच्या शाळेत जाऊन ग्रंथालयाची किल्ली कोणापाशी असते आणि ती आठवड्यातून किती वेळा कुलपास लागते, एवढेच विचारून यावे.

रंगनाथनांच्याही आधी बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ही गोष्ट ओळखली होती. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळेत शिकलेली अक्षरे शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसेल तर विसरली जाणार, हे जाणून त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून आणले, आणि गावोगाव फिरत्या पुस्तकपेट्या धाडण्याची व्यवस्था सुरू केली. संस्थानच्या मालकीचे पुस्तक पेटीत घालून कोठल्या तरी दूरच्या खेड्यात पाठवावयाचे, म्हणजे ते परहस्ते देणेच की नाही? वाचकाने पुस्तकाकडे यावे अशी वाट न पाहता पुस्तकानेच वाचकाकडे जावे, हा विचार त्या पेट्यांच्या मुळाशी होता.

आता माझ्या शाळेकडे वळतो. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन, पुढे काही वर्षे पाठशाळेत व्याकरण आणि काव्य यांत घालवून, १९८४ साली मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी संस्कृत शिकवावयास लागलो, आणि २०१५ साली तेथूनच निवृत्त झालो. शाळेचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. मी गेलो तेव्हा तेथील ग्रंथालय म्हणजे शिक्षकांच्या खोलीतील काचेच्या दारांची चार कपाटे होती. किल्ली कारकुनांपाशी, कारकून कचेरीत, आणि कचेरीच्या दारात विद्यार्थी उभा दिसला म्हणजे त्याने एक तर काही आगळीक केलेली असावी किंवा त्याची फी तरी थकलेली असावी, अशी पूर्वापार समजूत. पुस्तक मागावयास त्या दाराशी कोण जाणार?

बरे, कपाटांत होते तरी काय? पुस्तके येत ती मार्चअखेरीस. अनुदानाचे पैसे ३१ मार्चपूर्वी खर्ची पडले पाहिजेत, म्हणून त्या आठवड्यात एखादा विक्रेता गाठोडे घेऊन येई, आणि ज्या पुस्तकांवर सूट अधिक ती घेतली जात. सूट अधिक का असते, तर ती पुस्तके कोणी घेत नाही म्हणून, हा साधा हिशेब हिशेबनीसांच्याही ध्यानात येत नसे. दुसरा मार्ग देणग्यांचा. कोणी घर बदलले, कोणाचे वकील चुलते वारले, म्हणजे जीर्ण कायद्याच्या पुस्तकांची पोती शाळेत येऊन पडत. आणि दात्याचे मन मोडू नये म्हणून ती कपाटात मानाने विराजमान होत. मुलांनी वाचण्याजोगे त्यांत फार तर शे-दीडशे निघाले असते, आणि तेही मागच्या रांगेत.

१९९२ साली आमच्याकडे एक ग्रंथपालबाई आल्या. पट लहान, म्हणून पद अर्धवेळ. पगारही अर्थात तसाच. बाई ग्रंथपालनाची रीतसर परीक्षा दिलेल्या, बोलावयास मृदू, परंतु मनाने फार घट्ट. पहिले दोन महिने त्यांनी एकही नवे पुस्तक मागविले नाही. दाखल नोंदवही पुढ्यात घेऊन त्या एकेक पुस्तक काढीत, झटकीत आणि दोन ढीग करीत. कसरीने चाळण केलेली, अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली, एकाच सरकारी पुस्तिकेच्या वीस-वीस प्रती असलेली, अशी सगळी पुस्तके त्यांनी निर्लेखनासाठी वेगळी काढली. निर्लेखन म्हणजे समितीच्या मंजुरीने पुस्तक दप्तरातून कमी करणे. हे काम आमच्याकडे कोणी करीत नाही. कारण त्यात वाईटपणा येतो आणि ग्रंथसंख्या घटते. ग्रंथसंख्या घटली की वार्षिक अहवालातील आकडा घटतो. मुख्याध्यापक चिंतेत पडले. "बाई, अर्धी कपाटे रिकामी दिसतात हो!" असे ते म्हणाले, तेव्हा बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "रिकामी फळी दिसली तर मुलांना तिथं काहीतरी हवं असं वाटेल तरी."

नंतर त्यांनी कपाटांची दारे काढविली. हे वाक्य लिहावयास सोपे आहे. प्रत्यक्षात त्यास वर्ष लागले. दारे काढून खालच्या फळ्या पाचवीच्या मुलाच्या हाताशी येतील अशा केल्या, आणि काही पुस्तके कण्याऐवजी तोंड पुढे करून उभी ठेवली. दप्तरी क्रमांक ड्युईच्या दशांश पद्धतीने, जी १८७६ पासून जगभर चालत आली आहे, तिनेच दिले. पण मुलांसाठी पुस्तकांच्या कण्यावर रंगीत कागदाच्या पट्ट्या डकविल्या. प्राण्यांची हिरवी, प्रवासाची निळी, शास्त्राची पिवळी, आणि भीती वाटेल अशा गोष्टींची काळी. काळी पट्टी लावलेली पुस्तके फळीवर क्वचितच दिसत, हे सांगावयास नकोच.

त्यांनी केलेली दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दाराशी एक शंभरपानी वही सुतळीने बांधून ठेवली, आणि तीवर लिहिले, 'मला हवे असलेले पुस्तक'. त्या वहीत काय काय लिहिलेले असे! एकाने लिहिले होते, 'विमान खाली का पडत नाही'. एका मुलीने, 'ज्यात मुलगी हुशार आहे असे'. कोणा बिचाऱ्याची मागणी होती, 'शेवटी कोणी मरणार नाही असे'. मी पडलो व्याकरणाचा मास्तर. ऱ्हस्वदीर्घांची ती रणधुमाळी पाहून माझा हात आपोआप खिशातील तांबड्या पेन्सिलीकडे जाई. बाई म्हणत, "गुरुजी, एवढी एक वही सोडा." मी ती सोडली. संग्रह कसा करावा याविषयी मोठमोठे ग्रंथ आहेत. परंतु आमच्या शाळेचा संग्रह मुख्यतः त्या वहीवरून झाला.

खरेदीची त्यांची रीतही निराळी होती. सगळी रक्कम मार्चमध्ये न उडविता ती चार वाट्यांनी खर्च करावयाची, म्हणजे पहिल्या वाट्याच्या पुस्तकांचे काय झाले ते पाहून दुसरा वाटा खर्चिता येतो. दहा निरनिराळी पुस्तके घेण्यापेक्षा जे एक पुस्तक मुले एकमेकांच्या हातून ओढून घेतात त्याच्या चार प्रती घ्याव्या, असे त्या म्हणत. पुस्तक वाचले गेले की नाही हे त्या तारखांच्या शिक्क्यांवरून ठरवीत नसत. पानांची कड पाहात. कड शेवटपर्यंत मळलेली असेल तर पुस्तक पसंत; पहिली वीस पाने मळकी आणि पुढे शुभ्र, म्हणजे मुलगा तेथे थांबला. का थांबला, हे त्या त्यालाच विचारीत, आणि विचारताना आवाजात रागाचा लेश नसे.

फळीवर हळूहळू जी पुस्तके जमली त्यांची यादी देत बसत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' होतीच. ताम्हनकरांचा 'गोट्या' होता, भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' होता, माडगूळकरांची 'बनगरवाडी' वरच्या वर्गांसाठी होती. पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ साली सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक बाईंनी रद्दीवाल्यांकडून, पालकांच्या माळ्यावरून, मिळेल तेथून जमविले आणि वर्षावर्षाचे बांधून घेतले. त्या बांधीव खंडांनी जेवढी मुले वाचावयास लावली तेवढी दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने लावली नसतील. त्याचे कारण असे की, ज्या मुलाचा दम दोन पानांचा, त्यासही त्यात दोन पानांचे काही सापडे. वाढदिवसास वर्गात गोळ्या वाटण्याऐवजी शाळेस पुस्तक द्यावे, ही चाल पुढे आमच्याकडेही आली. पण पालक आणीत ती पुस्तके बहुतेक उपदेशाची. तेव्हा बाई वहीतून उतरलेली मागण्यांची चिठ्ठी पालकांच्या हाती देऊ लागल्या.

पुस्तकांविषयी त्या बोलत फार थोडे. ग्रंथालयाच्या तासास पुस्तकातील एखादा प्रसंग सांगावयास घेत आणि ऐन मोक्याच्या जागी थांबत. पुढचे पुस्तकात आहे, इतकेच म्हणत. कधी लेखकाचीच गोष्ट सांगत. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत स्वतःचे नाव लपवून 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा धाडली, आणि ती पहिली आली. ते नाव त्यांच्या स्वतःच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उलटा क्रम लावून केलेले होते. एवढे सांगितल्यावर तो तास आपापली आद्याक्षरे उलटी करण्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी पिवळ्या पट्टीची फळी ओस पडली.

आमचा वाद एकाच ठिकाणी होई. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांपासून ती जात कपाटात असावी की नसावी? माझे मत असे की, असावी, पण तिच्या शेजारी दुसरे काही हाताला लागेल अशी मांडणी असावी. केवळ गोड खाऊन दात किडतात, हे खोटे नव्हे. बाई म्हणत की, ज्याने अजून जेवावयास सुरुवातच केली नाही त्याच्या दातांची काळजी आज कशाला? यावर माझ्यापाशी उत्तर होते, परंतु त्यांच्या बाजूने साक्षात विष्णुशर्माच उभा होता, हे मला नाकारता येत नसे. राजा अमरशक्तीचे तिन्ही पुत्र शास्त्रविमुख निघाले. व्याकरणासच बारा वर्षे लागतात, मग अर्थशास्त्र कधी आणि धर्मशास्त्र कधी, अशी दरबारात चर्चा झाली. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांची मुदत घेतली, आणि शास्त्र बाजूला ठेवून कोल्हे, कावळे, बैल आणि माकडे यांच्या गोष्टी सांगावयास आरंभ केला. ऐंशी वर्षांच्या ब्राह्मणास जे करण्यात कमीपणा वाटला नाही, ते करताना आम्ही मास्तरांनी नाके मुरडावी हे बरे दिसत नाही.

आठवीत एक मुलगा होता. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. वाचावयास उभा केला की घाम फुटे. मोठ्याने वाचताना अक्षरे अडत आणि वर्ग हसे. बाईंनी त्यास पुस्तक दिलेच नाही. त्यांच्या टेबलाजवळ पुस्तके नेण्याची एक चाकांची गाडी होती, तिचे चाक मुद्दाम की काय कोण जाणे, महिनाभर कुरकुरत होते. ते त्यास दुरुस्त करावयास सांगितले. तो काम करीत असता बाजूस सचित्र यंत्रांचे एक पुस्तक उघडे पडलेले होते. त्यात गिअरचे चित्र होते आणि चित्राखाली चार ओळी होत्या. त्या चार ओळींत एक गोष्ट त्याच्या मते चुकीची होती. चुकीची आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने त्या तीनदा वाचल्या, आणि मग पुढचे पान वाचले. वर्षअखेरीस तो ज्यूल व्हर्नच्या कथांच्या मराठी रूपांतरापर्यंत येऊन पोचला. तो पुढे विद्वान वगैरे झाला नाही. आज त्याचे मोटारींचे दुकान आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकास बसावयास जे बाक आहे, त्याच्याजवळ एक फळी आहे आणि तीवर पुस्तके आहेत. मी तेथे जातो ते बहुधा गाडीशिवायच जातो.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्याच एका घरची. तीन पिढ्या एकत्र नांदत असलेले, सुशिक्षित, पापभीरू कुटुंब. नात नववीत. दहावी होईपर्यंत अवांतर वाचन बंद, असा तिच्या काकांनी दंडक घातलेला, आणि मोठ्या घरात एकाने घातलेला दंडक सर्वांनी पाळावयाचा असतो. बाई एके दिवशी त्यांच्या घरी गेल्या, त्या काकांकडे न जाता थेट आजींपाशी जाऊन बसल्या. "आजी, बारीक अक्षर दिसत नाही म्हणता; ही रोज संध्याकाळी तुम्हांला दोन पानं वाचून दाखवील." आजी म्हणाल्या, "कसलं गं पुस्तक? देवाधर्माचं आहे ना?" बाईंनी पिशवीतून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. देवाधर्माचे आहे की नाही या प्रश्नास त्यांनी काय उत्तर दिले ते मला कळले नाही. बहुधा 'दोन्ही देवांचं आहे' असे दिले असावे.

पुढचे मला आजींच्याच मुलाकडून कळले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे ते कडक सोवळे आले तेव्हा आजी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आपल्या माहेरी अगदी असेच होते म्हणाल्या. सुना स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या. मग टिळकांच्या धर्मांतराचे प्रकरण जवळ आले. त्या संध्याकाळी आजींनी नातीस थांबविले, पुस्तक मिटावयास लावले. दोन दिवस वाचन झाले नाही. घरात कोणी काही विचारले नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीस त्या आपण होऊन म्हणाल्या, "त्या बाईचं पुढं काय झालं ते तरी वाच. तिनं कसं सोसलं असेल!" त्या घरात अवांतर वाचनाचा दंडक त्यानंतर कोणी उठविला नाही, तो नुसता कोणी पाळला नाही. नातीस दहावीत उत्तम गुण मिळाले, असे सांगितले म्हणजे वाचक प्रसन्न होतील. पण ते तिला बेताचेच मिळाले.

येथे एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस सांगावीशी वाटते. मुलाने पुस्तक मिटले की लगेच 'तात्पर्य काय?' असे विचारू नये. पंगतीतून उठणाऱ्या पाहुण्यास आपण कोणता पदार्थ किती पचला असे विचारीत नाही.

आता त्या सुभाषितकडे येतो, कारण बाईंच्या बाबतीत ते खरे ठरले. उघड्या फळ्या म्हणजे पुस्तके जाणारच. तीन वर्षांनी पडताळणी झाली, तेव्हा ४३ पुस्तके सापडेनात. व्यवस्थापक मंडळापुढे प्रश्न आला. बाईंनी देवघेवीचे रजिस्टर मांडले. त्या तीन वर्षांत सुमारे ११,००० वेळा पुस्तके मुलांच्या हाती गेली होती. त्यांच्या आधी कपाटांस कुलूप असताना वर्षास शंभरही जात नसत, आणि हरवत मात्र एकही नसे. मंडळातील एक सद्गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पूर्वीची व्यवस्थाच चोख होती." यावर काय बोलावे? ४३ पुस्तकांची किंमत बाईंच्या अर्ध्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापून घेण्यात आली. आम्ही काही शिक्षकांनी वर्गणी करू म्हटले. त्यांनी घेतली नाही.

या बाबतीत सरकारी नियम सद्गृहस्थांपेक्षा अधिक उदार आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक असते. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत असे स्पष्ट म्हटले आहे की, वर्षात देवघेव झालेल्या अगर वाचनास काढलेल्या दर १००० खंडांमागे ५ खंड गहाळ होणे वाजवी समजावे. मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय असता कामा नये. हा हिशेब लावला तर ११,००० मागे ५५ होतात. बाई १२ पुस्तकांनी आतच होत्या. हा नियम केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्या खासगी अनुदानित शाळेस तो बंधनकारक नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या हिशेबात हरवलेले पुस्तक मांडले जाते आणि वाचलेले पुस्तक मांडले जात नाही, त्या हिशेबाखाली काम करणारा ग्रंथपाल कुलूप लावील नाही तर काय करील? दोष त्याच्या वृत्तीस देऊन भागणार नाही. त्याचे पोट त्या कुलपास बांधलेले आहे.

बाईंनी मात्र फळ्या उघड्याच ठेवल्या. केवळ दाराबाहेर एक लाकडी पेटी ठेवली, टपालाच्या पेटीसारखी, की चुकून राहिलेले पुस्तक कोणी न विचारता तीत टाकावे. दहावीच्या मुलांचा निरोपसमारंभ झाल्यावर त्या पेटीत दरवर्षी काही ना काही निघे. एका वर्षी ४३ पैकीच एक पुस्तक निघाले, नवे पुठ्ठे घालून, कण्यास कापडाची पट्टी लावून. नष्ट, भ्रष्ट असे त्यात काही नव्हते.

आज कायद्याने पाहावे तर कसलीच उणीव नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांची, गोष्टींची देखील पुस्तके असावीत असे म्हटले आहे. त्या कलमात ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, मुलांस ओळीने बसवून प्रत्येकाच्या हाती एकेक पुस्तक देतात, छायाचित्र काढतात, आणि पुस्तके परत मोजून घेतात. दिवस चांगला आहे. माझे भांडण उरलेल्या दिवसांशी आहे. मुलांच्या हाती मोबाइल आला म्हणून वाचन गेले, असे जे म्हणतात त्यांस मी विचारतो की, मोबाइल येण्यापूर्वी आपण त्यांच्या हाती काय दिले होते? मोबाइलास निदान कुलूप नसते.

बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी नेमलेले नाही. कपाटांस दारे पुन्हा बसली, किल्ली पुन्हा कचेरीत गेली. बाईंनी मंडळाची परवानगी घेऊन एकच वस्तू घरी नेली, ती सुतळीची वही. दप्तरी तिची नोंद नव्हती, म्हणून ती मिळाली. त्यांच्या पडवीत आता तीन फळ्या आहेत, आणि त्यांवर त्यांनी स्वतःच्या निवृत्तिवेतनातून घेतलेली आणि जुन्या विद्यार्थ्यांनी आणून दिलेली पुस्तके आहेत. शाळा सुटल्यावर चपलांची ही गर्दी होते. मी दर गुरुवारी जातो. फाटलेल्या पुस्तकांस खळ लावण्याचे काम माझ्याकडे आहे. वही तीच आहे, पाने मात्र नवी शिवून घातली आहेत. मागच्या गुरुवारी चौथीतील एका मुलाने तीत मागणी लिहिली, 'भुताचे, पण खरे घडलेले'. 'भुताचे' यातील उकार त्याने दीर्घ दिला आहे. बाई पुस्तक शोधीत आहेत.